कानापाशी वाजणारा ठोका

कुंभकोणमच्या पोट्रामरै तळ्यामागच्या गल्लीत अनंतकृष्णराव कोन्नक्कोल शिकवीत. म्हणजे मृदंगाचे बोल तोंडाने म्हणायला. नाचियार्कोविलच्या बसची वाट बघणारे लोकसुद्धा त्यांचं ‘तकधिमि’ ऐकून मांडीवर ताल धरत. साठी उलटली आणि त्यांचा उजवा जबडा कानापाशी अडू लागला. आधी नुसता कटकन वाजे. मग एका सकाळी इडलीचा घास घ्यायला तोंडच उघडेना.

गोळ्या झाल्या, शेक झाला, रात्री दातांवर बसवायची पट्टीही झाली. शेवटी तंजावूरच्या डॉक्टर कीर्ती म्हणाल्या, "एक इंजेक्शन आहे. बाळंतपणात वार पडते ना, तिच्या पातळ पडद्यापासून बनवलेलं. आया राजीखुशीने देतात, सगळं तपासून घेतलेलं असतं. पण उपाय नवा आहे. गुण येईलच असं मी म्हणणार नाही."

"कोणाची वार?"

"ते आम्हालाही कळत नाही."

घरी येऊन त्यांनी बायकोला, सीतालक्ष्मीला, सांगितलं ते एवढंच, की सुई टोचून घ्यायची आहे.

गुण आला. तोंड उघडू लागलं, दुखणं ओसरलं. पण उजव्या कानात एक ठोका सुरू झाला. बारीक, घाईचा, धावत सुटलेला. मनगटावर बोट ठेवलं तर नाडी संथ. कानातलं मात्र पळतच होतं. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाल्या, सूज आहे, जाईल.

अनंतकृष्णरावांनी तो ठोका ओळखला होता. तरुणपणी इस्पितळात नर्सने सीतालक्ष्मीच्या पोटावर यंत्र टेकवून त्यांना आत बोलावलं होतं, तेव्हा ऐकलेला. पुढच्या तपासणीत यंत्रातून काहीच आलं नाही. मुलगी होती. कावेरीकाठी तिला पुरून आले, त्यानंतर दोघांनी तिचा विषय काढला नाही.

आता शिकवताना ते त्या ठोक्यामागे धावत. मुलांचा ताल चुके. त्यांनी वर्ग बंद केला.

गच्चीवर तांदळाच्या पिठाचे वडम वाळत घालताना सीतालक्ष्मीने विचारलं, "वर्ग का हो बंद केला?"

त्यांनी सांगितलं. सुई कशाची होती, कानात काय वाजतंय, सगळं. ती हातातलं ताट खाली ठेवून आली आणि त्यांच्या जबड्याला कान लावून उभी राहिली.

"मज नाही ऐकू येत," ती म्हणाली. "म्हणून दाखवा."

त्यांनी डोळे मिटले. तकतक, तकतक, हलक्या आवाजात, त्याच लयीत. तिचा हात आपोआप पोटावर गेला.

"थांबू नका," ती म्हणाली.

जबडा ठणकू लागला तरी ते थांबले नाहीत.

ऐप्पसी महिन्यातल्या, दिवाळीच्या सुमाराच्या पावसात कानातला ठोका बंद पडला. अनंतकृष्णराव घाबरून कान दाबत, मान वाकडी करत, पण काही नाही. वर्ग पुन्हा भरू लागला. तरी एखाद्या दुपारी सीतालक्ष्मी आतून येते, म्हणते, "आज म्हणणार नाही काय?" मग ते दार लोटून घेतात. शिकायला आलेली मुलं ओट्यावर ताटकळत बसतात. आत कोणता ताल चाललाय, त्यांना ओळखू येत नाही.