जावयाचा हक्क

धुळ्याहून जळगावला येताना एसटीत शेजारची मुलगी मांडीवरच्या लॅपटॉपवर कोड लिहीत होती. केळीच्या लिलावाच्या वेबसाइटवर भाव कोणी नुसता बघायचा, कोणी बदलायचा आणि हे हक्क कोणी द्यायचे, याचे ती गट पाडत होती. फोन थांबत नव्हता. एरंडोलला तिने तो उचलला. लिलाव चालवणाऱ्या संस्थेचे चेअरमन इतके ओरडत होते की मलाही ऐकू आलं. त्यांच्या जावयाला भाव बदलायचा हक्क हवा होता.

"आबा, जावई शे म्हनीसन हक्क नही भेटस," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग तिने हक्क देणाऱ्यांच्या गटातून एक नाव काढलं.

"आबांचं?" मी विचारलं.

"माझं. आता तिथे फक्त केळी लावणारेच राहिलेत. आबांनी हक्क त्यांच्याकडे मागून बघावा."