पूजेत ठेवलेलं रिव्हॉल्वर

आमच्या कारखान्याच्या गेटवर पत्र्याचा बोर्ड होता. त्यावर हिंदीत लिहिलं होतं, "हथियार गेट पर जमा करें, लाइसेंसी हो तो भी." मी चौथी शिकलेली, अक्षर अक्षर लावून वाचते. पण तो बोर्ड मला तोंडपाठ होता, कारण माझा नवरा त्याच्याच खाली स्टूल टाकून बारा वर्षं बसला. तो गेटचा चौकीदार आणि मी आत ऑफिसात झाडू-पोछा करणारी, चहा-पाणी देणारी. कारखाना भिलाईत, सुपेल्याच्या पुढे होता, खाजगी. पोलादाच्या मोठ्या प्लांटला लागणारे लहान-मोठे पार्ट तिथं बनत.

बोर्ड शेठजींनी लावला होता. एका ठेकेदारानं भांडणात आपली दुनळी बंदूक मजुरांवर रोखली होती, तेव्हापासून. बंदूक असेल त्यानं ती गेटवर द्यायची, चौकीदारानं रजिस्टरात लिहून पेटीत कुलूपबंद करायची आणि पितळेचा बिल्ला हातात द्यायचा. जाताना बिल्ला द्या, बंदूक घ्या. पगाराची रोकड आणणारा बंदूकवालासुद्धा मुकाट्यानं देत होता.

मग नवा मॅनेजर आला. नागपूरकडचा, मराठी. आम्हा दोघांना बरं वाटलं होतं, आपला माणूस आला म्हणून. त्याच्या कमरेला चामड्याच्या म्यानात रिव्हॉल्वर असायचं. पहिले काही दिवस तो जीपनं थेट आत जायचा, गेटवर थांबायचा नाही. एका सकाळी जीप बिघडली आणि तो पायी आला. आठची पाळी आत शिरत होती, मीही त्या लायनीत होते.

"साहेब, हे इथं जमा कराचं असते," नवरा उठून उभा राहत म्हणाला.

"काय?"

"कमरेचं जी. लायसनचं असलं तरी. बोर्डावर लिवलं आहे."

"मी मॅनेजर आहे. मला चोर समजतोस का?"

"चोर कावून समजन साहेब? बिल्ला देतो ना तुमाले."

लायनीतून कोणीतरी बोललं, "घेऊन टाका साहेब, पितळेचा आहे, सोन्यावानी चमकते." सगळे हसले. मीही हसले, पदर तोंडावर धरून. मॅनेजर रिव्हॉल्वरसकट आत गेला. नवऱ्यानं रजिस्टर उघडलं आणि आपल्या वाकड्या अक्षरात लिहिलं, 'मॅनेजर साहेब, रिव्हॉल्वर, मांगले, दिले नाही, सकाळी आठ.'

दुपारी त्याला चिठ्ठी मिळाली. सकाळी आठ वाजता ड्युटीवर झोपलेला सापडला, म्हणून कामावरून कमी केलं. आठ वाजता! पन्नास माणसं समोरून आत गेली होती. त्या पन्नासांतला एकही बोलला नाही. मीही नाही बोलले. माझा आवाज चार माणसांत निघतच नसे. बाजारात भाजीवाल्यानं कमी तोलून दिलं तरी मी तशीच घरी यायची.

सुपेल्यात गोष्ट पसरायला दोन दिवस लागले नाहीत. पानठेल्यावरचे लोक नवऱ्याला विचारायचे, "का जी, झाली का झोप?" एकानं तर खाट विकत घेतोस का म्हणून विचारलं. बारा वर्षांत ज्याचा डोळा लागला नाही, त्या माणसाला. त्यानं सुपेल्यात जाणं सोडलं. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून तो चरोद्याला जाऊन पोती उचलू लागला. घरी आला की भिंतीकडे तोंड करून बसायचा. मी म्हणायची, "तुमी झोपले नोहते, सगळ्याईले ठाऊक आहे." तो म्हणायचा, "ठाऊक असून का कराचं? कोणी म्हणते का?"

तेवढंच मला हवं होतं. ज्यानं खोटं लिहिलं, त्यानं त्याच गेटवर, त्याच लोकांसमोर म्हणावं की हा झोपला नव्हता.

मी काम सोडलं नाही. लोकांना वाटलं, गरजेपोटी राहिली. गरज होतीच. पण मला त्या माणसाच्या जवळ राहायचं होतं. तो रिव्हॉल्वर टेबलावर कागदांवर ठेवायचा, पंख्याच्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. मी त्याच्या बाजूला पाण्याचा गिलास ठेवायची. "बाई, चहा," तो मान वर न करता म्हणायचा. एकदा चहात थुंकावं असं मनात आलं. थुंकले नाही, कारण त्याला ते कळलं नसतं. त्याला कळलं पाहिजे होतं. असे सहा महिने गेले. सकाळी टेबल पुसताना मी रोज त्याचं वाटोळं मागायची, देवापुढे मागतात तसं.

विश्वकर्मा पूजा आली. भिलाईत ही पूजा लहान-मोठ्या सगळ्या कारखान्यांत होते. मशिनी बंद ठेवतात, प्रत्येकजण आपलं अवजार धुऊन लाल कपड्यावर मांडतो, हळद-कुंकू वाहतो. एकदा पूजेत बसलेलं अवजार दुसऱ्या दिवशी सकाळच्या आरतीशिवाय कोणी उचलत नाही. मॅनेजरला येऊन सहा-आठ महिनेच झालेले, आधी ऑफिसातच काम केलेला. त्याला वाटत होतं ही तासाभराची पूजा आहे. संध्याकाळी पाचला शेठजी घरच्यांना घेऊन आरतीला येणार, हे मात्र त्याला माहीत होतं.

मांडणी माझ्याकडे होती. हातोडे, पाने, कानशी लावून झाल्या. हिशेबाच्या बाबूनं पेन ठेवला. मॅनेजर बघायला आला तेव्हा मी बोलले.

"साहेब, सगळ्याईचं अवजार आलं. तुमचंच नाही आलं."

तो हसला. "माझं कसलं अवजार, बाई?" मग आजूबाजूच्या लोकांकडे बघितलं आणि कमरेवर हात नेला. "हे घ्या. तुम्हा लोकांना सांभाळायला हेच लागतं."

लोक हसले, त्याला हवं तसं. मी दोन्ही हातांनी ते घेतलं. वाटलं होतं त्याहून जड होतं. मधोमध ठेवलं, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. माळ जरा मोठीच निवडली, लांबून दिसावी म्हणून.

दुपारी पूजा झाली, प्रसाद वाटला, आणि त्यानं सहज हात पुढे केला.

"साहेब," मी म्हणाले. "उद्याच्या आरतीबिगर उचलत नाहीत."

"बाजूला हो."

तेवढ्यात म्हातारा मिस्त्री पुढे आला. तो इथलाच, छत्तीसगढी. त्याची दोन बोटं मशिनीत गेलेली. "झन उठा साहेब," तो म्हणाला, उचलू नका म्हणून. "मसीन हाथ खा जाही." मागचे सगळे पुढे सरकले. सकाळी हसणारे हेच लोक होते, पण आता कोणी हसत नव्हतं. मशिनीवर हात घालणाऱ्या माणसांना त्या दिवशीची भीती खरी असते. मॅनेजरला ते तोंडांवर दिसलं. त्यानं हात मागे घेतला. मग माझ्याकडे बघितलं, आणि या वेळी मान वर करून.

पाचला शेठजी आले. आरती घेताना त्यांची लहान नात झेंडूच्या माळेला हात लावायला वाकली. सूनबाईंनी तिला ओढून घेतलं.

"यह किसका है?" शेठजींनी विचारलं.

"माझं आहे, सर. लायसन्स आहे."

"भरा हुआ है?"

त्यानं हळूच मान डोलावली. शेठजींचा चेहरा असा झाला की पुजाऱ्यानंही घंटी थांबवली.

"गेट पर जमा क्यों नहीं हुआ?"

"गेटवाल्यानं मागितलंच नाही, सर."

नवा गेटवाला तिथंच उभा होता, त्याचं तोंड पांढरं पडलं. पुन्हा एक चौकीदार जाणार होता. मी आरतीचं ताट खाली ठेवलं. आवाज कुठून आला ठाऊक नाही.

"सेठजी, मेरे आदमी ने मांगा था. इसलिए उसको निकाला. रजिस्टर में लिखा है."

रजिस्टर आणलं. मॅनेजरनं सहा महिन्यांत ते कधी उघडलंच नव्हतं, चौकीदाराच्या वहीत काय बघायचं म्हणून. पान जागेवर होतं. शेठजींनी नवऱ्याची वाकडी ओळ वाचली, मग बाबूकडून कामावरून काढल्याच्या चिठ्ठीची नक्कल मागवली. दोन्हींवर तीच तारीख, तेच सकाळी आठ. झोपलेला माणूस आठ वाजता लिहितो कसा, हे त्यांनी विचारलं नाही. चष्मा काढून मॅनेजरकडे फक्त बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या आरतीनंतर ते रिव्हॉल्वर गेटच्या पेटीत गेलं. नवऱ्याला बोलावणं धाडलं होतं. तो धुतलेला सदरा घालून आला, पण गेटबाहेरच थांबला. आठची पाळी उभी होती. शेठजींनी मॅनेजरला सांगितलं, "बोलिए."

"तो त्या दिवशी झोपलेला नव्हता," मॅनेजर म्हणाला. जमिनीकडे बघून, पुटपुटल्यासारखं.

"ऐकू नाही आलं साहेब," मी म्हणाले. "मागच्याईले ऐकू नाही आलं."

त्यानं पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. मला त्याची दया येईल असं वाटलं होतं. आली नाही. जेवायला बसल्यावर पहिला घास पोटात जातो, तसं वाटत होतं.

"पानठेल्यापर्यंत ऐकू गेलं पायजे," मी म्हणाले. "अजून एकदा."

त्यानं तिसऱ्यांदा म्हटलं. नवऱ्यानं येऊन माझं मनगट धरलं.

"अवं, बस झालं ना आता. चल."

मी मनगट सोडवून घेतलं.