देवीवरचा भरोसा आणि दादाच्या गोळ्या

त्या दसऱ्यानंतर देवीचा मला रागच आला होता. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, म्हणून घरच्यांना वाटे हिला सगळं कळतं. मला तर एवढंही कळत नव्हतं, की माझा भाऊ गुन्हेगार आहे की आजारी.

दादाला बरीच वर्षं मनाचा आजार आहे. गोळ्या चालू असल्या की तो धानाच्या बांध्या, म्हणजे आमची भातखाचरं, एकटा सांभाळतो. यंदा पवनीजवळच्या आमच्या गावी त्याने नवरात्राचा कडक उपवास धरला. देवीवर भरोसा ठेवायचा आणि वर गोळीही गिळायची, हे त्याला पटेना, म्हणून त्याने गोळ्या सोडल्या. तसं त्याला बरंही वाटत होतं. आईलाही त्याची भक्ती पाहून समाधान वाटलं. मी भंडाऱ्याला होस्टेलवर होते. दसऱ्याच्या संध्याकाळी शेजारचे काकाजी सोनं द्यायला अंगणात आले आणि दादाने त्यांना काठीने मारलं. त्यांचा हात मोडला, डोकं फुटलं. पोलीस दादाला घेऊन गेले.

सरकारकडून मिळालेल्या वकील मॅडमनी समजावलं, की नुसता आजार आहे म्हणून कोणी सुटत नाही. मारताना आपण काय करतोय हे त्याला कळत होतं का, ते कोर्ट बघेल. आणि गोळ्या कोणी सोडल्या, हेही कोणीतरी विचारेलच. गोळ्या त्यानेच सोडल्या होत्या. पण सोडताना कुणाला मारायचं त्याच्या मनात होतं का? मला उत्तर सापडत नव्हतं, अजूनही पुरतं सापडलेलं नाही.

काकाजींना भेटायला मी दवाखान्यात गेले, पण आत जायचा धीर होईना. आवारातल्या लहानशा देवळात बसले. दादाला सोडव म्हणावं, तर काकाजींचा हात आठवे. शेवटी एवढंच म्हटलं, आता तूच बघ. डोळे उघडले तर समोर काकाजींच्या घरच्या काकू, हातात डबा.

"इथं काहून बसली? चाल वर. तुह्या काकाजीनं तुलेच बोलवायले सांगतलं," त्या म्हणाल्या. जिन्यात मात्र बोलल्याच, "देवी का त्याच्या गोळ्या मोजून राहिली होती, बाई?"

काकाजी हळू बोलले. "मारलं त्यानंच. खोटं नाही सांगणार मी. पण त्यानं मले वळखलंच नाही. काठी मारता मारता मलेच हाका मारून राहिला होता, काकाजी, वाचवा म्हणून."

हे त्यांनी जबाबातही सांगितलं. कोर्टाने दादाला तपासणीसाठी आणि उपचारासाठी नागपूरला पाठवलं. केस चालू आहे. निकाल काय लागेल ते मी आता देवीला विचारत नाही, तो तिच्यावर सोडला आहे. माणसाने करायचं ते मात्र तिच्यावर ढकलू नये, एवढं मला उमगलं.

मागच्या भेटीत दादाने विचारलं, "काकाजीले मीनंच मारलं का?" मी हो म्हटलं. तो खूप रडला. मग नर्सबाई आल्या, तेव्हा त्याने डोळे पुसले आणि गोळीसाठी आपणहून हात पुढे केला.