सावकाश गाणारी बाई

रविवार, दुपार. हजर : आई, ताई आणि मी.

आईच्या आवडत्या लोकगीत गायिकेच्या निवडक गाण्यांचा नवा संच लावला. खरखर गेलेली, ढोलकीची थाप स्वच्छ.

आई म्हणाली, "ही कोण गं? हिला एसटी पकडायचीये का?"

ताई हसली. "तीच आहे. आपला टेपरेकॉर्डरच मंद चालायचा."

आई डोळे मिटून जुन्या लयीत गुणगुणू लागली. गाणं संपलं, तरी तिचं कडवं चालूच होतं. त्याच लयीत पूर्वी दुपारी बाबा शेंगा सोलायचे आणि आम्हाला झोप यायची. ती दुपार खोटी कशी म्हणायची?

टेपरेकॉर्डर माळ्यावर बंद पडून आहे. दुरुस्तीला न्यायचा राहिलाय. वेग मात्र सुधारू नका, हे दुकानदाराला कसं सांगायचं, तेही ठरायचंय.