कॅन्टीनमध्ये सगळे सेन्सर एकदम ओरडले

दोस्तांनो, कॉलेज सुटल्यापासून आपल्या या ई-मेल ग्रुपवर मी नुसती रडगाणी लिहिलीत. आज नाही!

सायली गावातल्या आमच्या सूत रंगवण्याच्या कारखान्यात सगळ्या मशीनचे सेन्सर एकाच केबलवरून कंट्रोल रूमला तापमान कळवतात. मागच्या महिन्यात लाइट जाऊन परत आली आणि सूत वाळवायच्या ड्रायरमधला माल जळला. ऑपरेटर रमणभाई म्हणाले, "गजर उशिरा वाजला." साहेबांनी त्यांनाच झोपाळू ठरवलं.

मी कॉम्प्युटरवर त्या केबलचं मॉडेल बनवलं. लाइट आली की सगळे सेन्सर एकदम बोलतात आणि कोणाचंच धड पोहोचत नाही, हे त्यात स्पष्ट दिसलं. साहेब हसले, "व्हिडिओ गेम छान आहे."

माझी सटकलीच. आज दुपारी कॅन्टीनमध्ये प्रत्येकाला एकेका मशीनचा आकडा दिला आणि साहेबांच्या हातात पेन. मी टाळी वाजवली की आपापला आकडा ओरडायचा. नुसता मासळीबाजार! साहेबांना एकही आकडा लिहिता येईना.

मग मॉडेलमधला उपाय केला. टाळीनंतर प्रत्येकाने कमीजास्त वेळ थांबून बोलायचं. एकेक आकडा स्वच्छ ऐकू आला. शेवटी ड्रायर झालेले रमणभाई उठले.

"एकशे साठ," ते म्हणाले. "साहेब, ते दिवशी पण मी बोलत होतो. तुम्हाला ऐकू नाही आलं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली!

उद्यापासून सेन्सरही असेच थांबून बोलणार. तुमच्या कारखान्यात कोण बोलतंय, जे अजून कोणाला ऐकू येत नाहीये?