शीव आईच्या पुढे गेली

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही. एका मावशीला ठाऊक होतं, ती गेली. आता तुम्हाला सांगते — हसू आलं तर हसा, मला तर आजही येतं.

खालापूरहून पालीकडे जाताना आमच्या गावच्या शिवेवर गुडघाभर उंचीचा दगड आहे, वर चंद्र-सूर्य कोरलेले. परवा त्याच्या शेजारी फलक लागला — इकडे इंग्रजांचा मुलूख, तिकडे संस्थान, आणि हद्दीचा हा दगड आजही मूळ जागी उभा. गावातली सगळ्यांत म्हातारी म्हणून नारळ माझ्या हातून फोडवला. मूळ जागी! माझे खांदे हलायला लागले. लोकांना वाटलं, आजीला भरून आलं.

लग्नात मानपानावरून सासूबाईंचं आणि माझ्या आईचं वाजलं होतं. घरात पाऊल टाकताच सासूबाईंनी मला देवापुढे शपथ घ्यायला लावली — शिवेचा दगड ओलांडायचा नाही. आणि मी? मान डोलावली! नाकात नथ, डोक्यात भुसा.

त्याच पावसाळ्यात आई आजारी पडली. दगडाच्या पलीकडचं पहिलंच घर मावशीचं. आई तिथे येऊन राहिली — माझ्यासाठीच. मी दगडापाशी उभी, आत तिचा खोकला. शपथ मोडायची हिंमत होती का? छे. देवाची भीती, सासूची त्याहून मोठी. मग एका दुपारी, सगळं गाव लावणीच्या चिखलात असताना, मावशीनं पहार आणली. माती लोण्यासारखी झालेली. दोघींनी दगड उपटला आणि लोळवत लोळवत मावशीच्या कुंपणापलीकडे नेऊन रोवला.

मी शीव ओलांडली नाही. शीवच आईच्या पुढे गेली!

रोज गेले. पेज भरवली, केस विंचरले. सासूबाईंनी दरडावलं, "शीव वलांडलीस काय गं?" देव्हाऱ्यावर हात ठेवून म्हणाले, "नाय वलांडली, आत्याबाय." खोटं होतं का ते? आई माझ्या मांडीवर गेली. ते सुख मी कोणत्याही देवाला परत देणार नाही.

पण — इथे जीभ अडते.

दगडाची आठवण गावाला वर्षातून एकदाच, शिवेच्या देवाला राखण, म्हणजे वर्षाचा मान, द्यायची तेव्हा. कोंबडा, नारळ सगळं झालं, आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं, दगड सरकलाय. नव्या जागी राखण दिली, आता हलवायचा नाही, असं ठरलं. पण सरकवला कोणी? मावशीच्या शेजारी, दगडाच्या जुन्या जागेला लागूनच, रहीमचाचांची लाकडाची वखार होती. गाड्या वळवायला जागा त्यांनाच हवी, म्हणे.

"आईची आन, मी हात नाय लावला रं," चाचा सांगत होते.

"मंग दगडाला पाय फुटले काय, चाचा?"

सगळे हसले. मी आरतीचं ताट धरून पुढेच उभी. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. आईच्या औषधाला त्यांनीच बैलगाडी जुंपली होती, मला रोज येता-जाता बघितलं होतं. त्यांना कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. ते बोलले नाहीत. मीही नाही. मग त्यांनी सगळ्यांपुढे हात जोडून माफी मागितली — न केलेल्या गोष्टीची.

शीव आईपर्यंत नेली, हे मी मिरवते; मरेपर्यंत मिरवीन. ताट धरून गप्प उभी राहिले, तीही मीच.

दगड मी सरकवला. रहीमचाचांनी नाही.