खळ्यातली मेढ

माझं आडनाव खळे, वाडीचं नाव खळेवाडी, आणि चंद्राभोवती कडं पडलं तर त्यालाही माणसं खळंच म्हणतात. मळणीसाठी सारवलेल्या एका गोल जागेचं नाव कुठवर जाऊन पोचलं, याचं मला नवल वाटतं.

परवा दिवेलागणीला वाडीत गेलो. जुन्या खळ्यावर गवत माजलं होतं, फक्त मधोमध वीतभर जागा उघडी होती. मी चपला न काढता तिथेच जाऊन उभा राहिलो.

"भावजी, तिथं नका उभं राहू," चुलतवहिनी गोठ्यातून ओरडल्या. "मेढीची जागा हाय ती."

मळणीचे बैल ज्या खांबाभोवती फिरत, ती मेढ. यंत्र आलं तेव्हाच ती उपटली होती. मला हसू आलं. तेवढ्यात पाण्यावरून परतणारा वहिनींचा बैल वाट सोडून आत आला आणि मान खाली घालून माझ्याभोवती फिरू लागला. एक फेरा झाला, दुसरा झाला.

"जुनी सवय असेल," मी म्हणालो.

"कसली सवय?" वहिनींचा आवाज बारीक झाला. "तीन वर्सांचा हाय त्यो. मळणी बघितलीच न्हाई त्यानं."

वर चंद्राला खळं पडलं होतं. मी घाईने चपला काढायला वाकलो, तर पाय जमिनीतून उचलेना.